पैलखंडातल्या एकेचाळीस दुरुस्त्या

शुभांगी गायधनीच्या हातून बारा वर्षांत एकही चूक पुढे गेली नव्हती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. सगळी पंचाईत तिथंच होती.

पंचवटीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत तिचा टायपिंगचा क्लास होता. आठ यंत्रं, आठ स्टुलं आणि भिंतीवर एक घड्याळ. सकाळी सातपासून मुलंमुली येऊन बोटं बडवायची. एका अक्षराची चूक झाली तरी शुभांगी अख्खं पान पुन्हा मारायला लावायची. "खोडरबर दुकानात मिळतं, माझ्याकडे नाही," असं तिचं ठरलेलं उत्तर. तिच्या हाताखालून गेलेली निम्मी पोरं कचेऱ्यांमध्ये चिकटली होती, आणि रस्त्यात ती दिसली की अजूनही पाठ ताठ करून उभी राहायची.

ही शिस्त घरातून आलेली. तिचे वडील, नाना गायधनी, रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये. गावोगावचे यजमान यायचे, कुणी अस्थी घेऊन, कुणी पिंडदानाला. नाना गाव आणि आडनाव विचारायचे आणि कपाटातून नेमकी वही काढायचे. हातभर लांब, लाल कापडात गुंडाळलेल्या वह्या होत्या त्या. त्या घराण्याच्या सात-आठ पिढ्या त्यात असायच्या: कोण कुणाचा मुलगा, कोण कधी येऊन गेला, कोण कधी वारला. वहीत खाडाखोड चालत नसे. एखादा यजमान गडबडीत पणजोबांचं नाव चुकीचं सांगायचा. नाना त्याला अडवायचे नाहीत. दुःखातला माणूस, त्याला चारचौघांत कशाला ओशाळं करायचं? संकल्प सांगताना ते वहीतलं बरोबर नाव घेत, यजमान मागोमाग तेच म्हणे, आणि आपण चुकलो होतो हे त्याला कळतही नसे. लहानगी शुभांगी शेजारी बसून हे बघायची. याहून मोठी सभ्यता जगात नसेल, असं तिला वाटायचं.

नाना एकोणनव्वद साली गेले. वह्या चुलतभावाकडे गेल्या, कारण बाई काही रामकुंडावर बसत नाही. या चुलतभावाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे. नानांच्या मृत्यूची नोंद त्यानेच केली असणार. शुभांगीला ती बघायला कुणी बोलावलं नाही, आणि ती आपणहून गेली नाही. तिला संताप आला होता, आणि तो तिने कुणापासून लपवलाही नाही.

लहानू गांगुर्डे तिच्याकडे आला तो एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात. मूळचा कळवणकडचा. एसटीत कंट्रोलर होता. सीबीएस स्टँडवरच्या खिडकीत बसून दिवसभर गाड्या पुकारायचा. त्याने खाकी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. बाद झालेल्या छापील तक्त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेला.

"कादंबरी हाय," तो म्हणाला. "टाइप करून पायजे."

"सामाजिक की ऐतिहासिक?"

लहानूने जरा विचार केला. "जो देश नाय, त्या देशाची."

असली उत्तरं देणाऱ्या माणसाला शुभांगी एरवी जिना दाखवायची. पण तिची नजर वरच्या पानावर गेली होती. 'आरंगणात प्रत्येक डोंगराला स्वतःचा आवाज आहे,' असं तिथे लिहिलं होतं. 'आंधळा माणूस डोंगर ऐकत ऐकत घरी येतो.' तिने दुसरं पान उलटलं, मग तिसरं. साडेतीनच्या बॅचची पोरं येऊन बसली, कुजबुजली, आपापली टायपायला लागली, तरी ही बाई गठ्ठा हातात धरून उभीच. अशी नद्यांची नावं, असे घाट, असे लोक तिने कुठे वाचले नव्हते. आणि ते लिहिणारा समोर बसून घड्याळाकडे बघत होता, कारण त्याला चार दहाची पेठ गाडी सोडायची होती.

तिने काम घेतलं. पण पंधरा दिवसांत तिच्या लक्षात आलं, की हा माणूस लिहितो अफाट आणि विसरतो त्याहून अफाट. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात लिहिलेलं सगळं. तिसऱ्या प्रकरणात तिळा नदी पश्चिमेला जायची, नवव्यात पूर्वेला. सोनई कोष्टिणीला दोन मुलगे होते, त्यांचे मधेच तीन व्हायचे. दोन दिवसांच्या वाटेवरचं शहर अचानक पाच दिवसांवर सरकायचं. आणि एकदा लिहून झालं की लहानू मागे वळून बघायचा नाही. "लिवलं ते लिवलं," म्हणायचा. "पुन्हा वाचाया गेलो तर पुढलं दिसायचं बंद होतं."

शुभांगीने बाजारातून एक लांब वही आणली. तिला लाल कापड शिवलं. तिच्यात तिने आरंगण उतरवून घ्यायला सुरुवात केली: नद्या, त्यांच्या दिशा, गावांची अंतरं, माणसांची वडिलांसकट नावं, कोण कुठे जन्मलं, कोण कधी मेलं. टाइप करताना लहानू चुकला की ती वहीत बघून बरोबर ते घालायची. त्याला एका शब्दाने बोलायची नाही. नाना बोलले असते का?

अशी सात पुस्तकं झाली. पुण्याच्या एका प्रकाशकाने ती छापली, वाचनालयांनी घेतली, आणि वाचून वाचून त्यांचे पुठ्ठे सुटले. लोक पत्रं लिहायचे. कुणी आरंगणाचा नकाशा घरच्या भिंतीवर काढला होता, कुणी मुलीचं नाव तिळा ठेवलं होतं. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य असायचं: इतकी पुस्तकं झाली, पण एक नदी जागची हलली नाही, काय ही स्मरणशक्ती! लहानू ती पत्रं खिशात घालून आणायचा आणि तिला वाचून दाखवायचा. शुभांगी "खरंच हो," म्हणायची आणि मान खाली घालून कळा दाबायची. तिला त्यात आनंद होता. तिला कुणी ओळखत नव्हतं, पण एक अख्खा देश तिच्या धाकात नीट चालला होता.

फक्त एकदाच तिचा हात डळमळला. चौथ्या पुस्तकात, शहाण्णव साली, भानज नावाडी तिळेच्या पुरात गेला. दोन पोरांना काठावर फेकून स्वतः गेला. भानज कमी बोलायचा. दोर बांधताना खुंट्याला बरोब्बर दोन वेढे द्यायचा, तिसरा कधी नाही. ते पान टाइप करताना शुभांगीला समोरचं दिसेना, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचं पान पुन्हा मारावं लागलं. मग तिने डोळे पुसले आणि वहीत नोंद केली. भानज, वडील करंज, मृत्यू तिळेच्या पुरात, पुस्तक चौथं.

दोन हजार तीनच्या सुरुवातीला लहानू आला आणि न बसताच म्हणाला, "ताई, आरंगण फिरून झालं."

"झालं म्हणजे?" तोवर खोलीत एक संगणकही आला होता, आणि शुभांगी त्याच्यासमोरही यंत्रासमोर बसावं तशीच ताठ बसायची.

"डोंगर न डोंगर झाला. आता समुद्रापल्याड जायचं. तिकडं एक अख्खा खंड हाय."

"नकाशात नाही."

"कसा असंल? तिकडं कुणी गेलंच नव्हतं." लहानूचे डोळे लाल होते, नुकताच मलेरियातून उठला होता तो. "पैलखंड म्हणतोय मी त्याला. तिथल्यांनी काय नाव ठिवलंय, ते नाय समजलं अजून."

"आहे काय तिकडे?"

"मला तरी काय ठाऊक? खिडकीत बसलो की थोडं थोडं दिसतं. काल किनारा दिसला. अंगावर काटा आला, ताई. समोर नांदगावची गाडी लागलेली, आन् मला पुकारायचं सुधरंना."

शुभांगीला त्याचा हेवा वाटला, आणि भीतीही. बारा वर्षांची वही, आणि हा बाबा तिच्या शेवटच्या पानावरून उडी मारून चालला. तिकडच्या नद्या तिला माहीत नव्हत्या, माणसं माहीत नव्हती. तिकडे तिचं काय काम होतं?

पण पानं यायला लागली आणि तिला हायसं वाटलं. इतक्या चुका लहानूने आजवर कधी केल्या नव्हत्या! नदी समुद्रातून निघून डोंगरावर चढत होती. भर दुपारी आभाळात तारे होते. डोंगर मुके होते, आणि माणूस बोलला की त्याच्याकडे वळून बघत होते. 'ताप आहे बिचाऱ्याच्या अंगात,' शुभांगी मनाशी म्हणाली. जग तर एकच ना? एका किनाऱ्यावर नद्या उतरतात, तर दुसऱ्यावर चढतील कशा? तिने नदी वळवली. तारे संध्याकाळवर नेले. वळणारे डोंगर काढूनच टाकले. आणि किनाऱ्यावर भानज उभा आहे असं वाचल्यावर तर ती मोठ्याने हसली, वही उघडून खात्री केली, आणि त्याच्या जागी 'एक खलाशी' घातला. एकूण एकेचाळीस दुरुस्त्या झाल्या. सगळ्या तिने वहीच्या मागच्या पानांवर उतरवल्या आणि प्रत पुण्याला धाडून दिली. केलेल्या कामाचं समाधान तिला आठवडाभर पुरलं.

तीन महिन्यांनी लहानू एक पत्र घेऊन जिना चढून आला. या वेळी त्याने ते वाचून दाखवलं नाही, नुसतं पुढे केलं.

प्रकाशकाने चांगल्या शब्दांत वाईट तेच लिहिलं होतं. नवा खंड नवा वाटत नाही. समुद्र ओलांडून पुन्हा आरंगणातच उतरल्यासारखं होतं, तेही उतरत्या कळेच्या. किनाऱ्यावरचा खलाशी कोण, हेही कळत नाही. मालिका सातव्या पुस्तकावर थांबवणं तुमच्याही नावाच्या दृष्टीने बरं. काही बदल करणार असाल तर महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर आम्ही विषय संपला असं समजू.

"त्यांचं बरोबर असंल," लहानू म्हणाला. "मला वाटलं व्हतं, मी काहीतरी बघितलं. तसलं आजवर कुणी बघितलं नाय असं. तापात दिसलं असंल." तो थोडा वेळ यंत्रांकडे बघत राहिला. "आता नाय लिवणार, ताई. ते कागद द्या रद्दीत."

शुभांगी भडकली. पुण्यात बसून यांना काय कळतं! लहानू गेल्यावर तिने प्रकाशकाला खरमरीत उत्तर लिहायचं ठरवलं आणि दाखले काढायला संगणकावरची प्रत उघडली. वीस पानं वाचली. व्याकरण बिनचूक, दिशा बिनचूक, नावं बिनचूक. एकविसाव्या पानावर तिला जांभई आली. ती दचकली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली, आणि पुन्हा तेच झालं. प्रकाशकाचं खरं होतं. तिथे काहीच नव्हतं.

दुसरा दिवस रविवारचा. क्लास बंद. खाली बाजारात दुपारची सुस्ती आली होती, मेथीच्या जुड्यांवर पाणी मारल्याचा वास वरपर्यंत येत होता. शुभांगीने पेन्सिलीचे कागद काढले. तिने ते रद्दीत दिले नव्हते. एकही कागद तिने कधी दिला नव्हता. वही शेजारी न घेता ती पहिल्यांदाच लहानूचं काही वाचायला बसली. हातात काम नव्हतं, म्हणून नुसती वाचायला.

'नाव वाळूला लागली तेव्हा भर दुपार होती आणि आभाळात तारे होते. समुद्रातून एक नदी निघून डोंगराकडे चढत होती, कसलीही घाई न करता. डोंगरांनी वळून नावेकडे पाहिलं. किनाऱ्यावर भानज उभा होता. त्याने दोर झेलला, खुंट्याला दोन वेढे दिले आणि म्हणाला, उशीर केलात.'

शुभांगीने कागद मांडीवर ठेवला. 

उशीर केलात. हे दोन शब्द तिने गाळले होते, कारण कुणा परक्या खलाशाच्या तोंडी त्यांना अर्थ नव्हता. भानज बुडाला होता. ती स्वतः त्याच्यासाठी रडली होती. आणि तो तिथे उभा होता, कोरड्या कपड्यांत, जुन्या सवयीने दोन वेढे देत, आणि इतकी वर्षं वाट बघायला लावली म्हणून किंचित रागावून. त्याने कुणाला काही समजावून सांगितलं नाही. नदी का चढते तेही तिथे कुणी सांगत नव्हतं. लहानूने फक्त पाहिलं होतं आणि लिहिलं होतं.

ती शेवटपर्यंत वाचत गेली. एकेचाळीस जागा तिला पाठ होत्या. प्रत्येक जागेपाशी ती थांबायची, आणि जिथे तिने भिंत बांधली होती तिथे दार असायचं, आणि दारापलीकडे अशी जमीन, की तिचा श्वास अडायचा. त्या चढत्या नदीवर लोक नावेत उतारू होऊन बसत आणि वल्ही न मारता डोंगरमाथ्यावर पोचत. वर नदी धुकं होऊन सुटायची. ते धुकं समुद्रावर जायचं की आणखी कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि हे ठाऊक नसलेले लोक रोज सकाळी उठून धुक्याला हात जोडायचे. शुभांगीनेही नकळत हात जोडले. केवढं मोठं होतं ते! आणि तिने ते पुसलं होतं, वर समाधानाने आठवडाभर नीट झोपली होती.

लाज वाटली तिला, अशी की कानशिलं तापली. सांगावं तर लागणारच होतं. पण सांगितलं की तो पुन्हा हा जिना चढेल कशाला? या कामाशिवाय तिच्याकडे आठ यंत्रं होती आणि एक घड्याळ. तरी सोमवारी दुपारी ती रिक्षा करून सीबीएसला गेली.

लहानूने तिला आत बोलावून स्टूल दिलं. समोर जाळी, जाळीपलीकडे फलाट, धूळ, पिशव्या, माणसं. टेबलावर कोरे तक्ते पडले होते आणि नेहमी कानावर असणारी पेन्सिल आज नव्हती.

"प्रकाशकाने वाचलं, ते तुमचं नव्हतंच," शुभांगी म्हणाली. रिक्षात तिने बरंच घोकलं होतं, ते सगळं विसरली. "मी बदललं होतं. एकेचाळीस ठिकाणी. मला चुका वाटल्या."

लहानूने माइक ओढला. "सटाण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे." आवाज नेहमीचाच होता. माइक बंद करून तो म्हणाला, "नदी?"

"खाली वळवली."

"दुपारचे तारे?"

"संध्याकाळी नेले."

लहानूने माइक बाजूला सारला. मग त्याने विचारलं, "हे पयल्यांदाच केलं का?"

इथे खोटं बोलता आलं असतं. त्याने ते मानलंही असतं, आणि सात पुस्तकं त्याची राहिली असती. शुभांगीच्या तोंडात ते खोटं तयार होतं. "नाही," ती म्हणाली. "सातही पुस्तकांत. तुमच्या नद्या दर प्रकरणाला दिशा बदलायच्या. मी त्या सरळ करायचे. सगळं लिहून ठेवलंय. सहाशे बारा ठिकाणं आहेत."

फलाटावर एक ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. त्याची गाडी पुकारायची राहिली होती.

"मंग ती पत्रं," लहानू म्हणाला. "एक नदी जागची हलली नाय म्हणून लोकं लिवायची, ती."

"हो."

"बारा वरीस ती पत्रं खिशात घेऊन फिरलो मी, ताई. बायकोला दावली, पोरांना दावली. एकदा तरी सांगायचं."

"तुम्हाला ओशाळं वाटलं असतं."

"आन् आता नाय वाटत का?"

यजमान कधी परत येऊन विचारेल, असं नानांनी धरलंच नव्हतं. शुभांगीने मान खाली घातली. "चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द ती आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होती, आणि ते तिला वाटले होते तितके जड निघाले नाहीत. "मूळ कागद माझ्याकडे आहेत. महिनाअखेरीला अकरा दिवस आहेत. मी अख्खं पुस्तक पुन्हा टाइप करते, तुम्ही लिहिलंय तसं. मग तुम्ही दुसरा माणूस बघा."

लहानूने राहिलेली गाडी पुकारली, मग आणखी एक. तो रागावला होता हे त्याच्या मानेवरून दिसत होतं. मग तो म्हणाला, "त्यात एक खलाशी आला व्हता. किनाऱ्यावर. प्रकाशकाच्या पत्रात वाचला मी, कोण तो काय उमगंना. माझा तिथं खलाशी नव्हता."

"भानज होता. मी त्याचं नाव काढलं."

"का?"

"भानज मेलाय म्हणून."

"कवा?"

तिला वाटलं, तो आपली फिरकी घेतोय. पण तो खरंच विचारत होता. "चौथ्या पुस्तकात," ती म्हणाली. "तिळेच्या पुरात. दोन पोरांना काठावर फेकलं त्याने, आणि मग त्याचा हात दिसला, आणि मग तोही दिसला नाही."

"मी मारला?"

"तुम्हीच."

लहानूचं तोंड उघडं राहिलं. "मला यादच नाय. मला वाटलं, तो आरंगणातच हाय, घरी. गलबतावर न्यायचा राहिला. मंग किनाऱ्यावर उभा दिसला, तर म्हणलं, हा आपल्या आधी कसा पोचला? पर दिसला तसा लिवला." त्याने शर्टाची बाही वर सारली. हातावरचे केस उभे राहिले होते. "मेला व्हता, ताई. आन् त्यानं दोर झेलला."

शुभांगीलाही काटा आला. म्हणजे ती चूकच होती! साधी, लहानूच्या नेहमीच्या विसराळूपणाची. तिने दुरुस्त केली ती अगदी बरोबर केली होती. लहानू विसरला, म्हणून भानज तिथे येऊ शकला. आणि तो कुठून आला हे जगात फक्त एका बाईला ठाऊक होतं, कारण ती काही विसरत नव्हती. दोघंही जाळीपलीकडे बघत राहिले. फलाटावर रोजचीच माणसं चढत होती, उतरत होती, आणि आता ती साधी वाटत नव्हती. तो खंड काय होता, हे त्या दोघांना एकाच वेळी समजलं होतं, आणि ते मोठ्याने म्हणायचा धीर दोघांनाही झाला नाही.

लहानूने एक कोरा तक्ता पालथा केला आणि खिशातून पेन्सिल काढली. "अजून कोण कोण मेलंय?" त्याने हळूच विचारलं.

वही घरी होती. शुभांगीला तिची गरज नव्हती. "सोनई कोष्टीण. दुसऱ्या पुस्तकात. साथीत. पोरांसकट."

लहानूने डोळे मिटले. "नदीकाठी माग टाकलाय तिनं. पोरं किती व्हती तिला?"

"दोन."

"दोनच हायत. सूत गुंडाळत्यात."

"उमरा पहारेकरी. सहाव्यात."

"तो नाय दिसत." तो थांबला. "नाय. येईल मागनं."

ती नावं सांगत गेली, तो बघत गेला आणि लिहीत गेला. मधेच उठून गाड्या पुकारत होता, आणि पुन्हा येऊन बसत होता. त्याचा राग गेला नव्हता. पण त्याला आता सवड नव्हती. सतरा नावं झाली. अठरावं नाव शुभांगीच्या तोंडून कसं गेलं, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"नाना गायधनी."

पेन्सिल थांबली. "हे कोनच्या पुस्तकात?"

"पुस्तकात नाहीत."

लहानूने तिच्याकडे पाहिलं. त्याने पुन्हा डोळे मिटून पाहिले आणि उघडले. "मला नाय दिसत ते. तुमीच बघा. काय करत्यात?"

"मला कसं दिसणार? मी आजवर एक ओळ लिहिली नाही."

"बघा तरी."

शुभांगीने जाळीतून बघितलं. धूळ होती, ऊन होतं, एक म्हातारी बोचक्यावर बसली होती. मग ऊन तेच राहिलं आणि त्यात तारे दिसले. ती बोलली तेव्हा तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"बसलेत," ती म्हणाली. "पायरीवर. पाय पाण्यात सोडलेत. कुणाला काही सांगत नाहीयेत, कुणाचं नाव घेत नाहीयेत. पाणी त्यांच्या पायांवरून वर चाललंय, डोंगराकडे, आणि ते नुसते बघताहेत."

लहानूने ते लिहून घेतलं. एक शब्द बदलला नाही.